क्रॉसिंगला थांबलेली गाडी

दिवा–सावंतवाडी गाडीला कोविडनंतर नवा नंबर मिळाला आणि कागदोपत्री ती एक्सप्रेस झाली. चाल मात्र तीच राहिली. सकाळी दिव्याहून निघायचं, साडेचारशे किलोमीटरहून जास्त अंतर कापायचं आणि दिवस मावळायच्या सुमारास सावंतवाडी गाठायची. सरासरी काढली तर ताशी चाळीसच्या आसपास येते. पेणपासून झारापपर्यंत सगळे तिला अजून पॅसेंजरच म्हणतात, आणि गावी जायचं ठरलं की पुष्कळ घरांत पहिला विचार तिचाच होतो.

तो का होतो, हे सीटखालच्या सामानाकडे पाहिलं की कळतं. गावाकडे जाताना नायलॉनच्या फुगलेल्या पिशव्या, दोरीनं बांधलेला टेबलफॅन, आईच्या बीपीच्या गोळ्यांची तीन महिन्यांची पाकिटं, भाचरांसाठी घेतलेले कपडे. मुंबईकडे येताना त्याच पिशव्यांत उकडा तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, सोललेले नारळ, आणि मे महिना असेल तर फणस. हे सामान मोठ्या गाडीतही मावेल, पण ते जिथे उतरवायचं असतं तिथे मोठी गाडी थांबत नाही. दिवाणखवटी, अंजनी, कामथे, उक्षी, भोके, निवसर ही नावं वंदे भारतच्या आणि राजधानीच्या खिडकीतून वाचायलासुद्धा मिळत नाहीत. तुतारीसारख्या मोजक्या एक्सप्रेस काही लहान स्थानकांची दखल घेतात. बाकी भिस्त पॅसेंजरवर.

दुसरं कारण आरक्षणाचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, आणि गणपतीच्या दिवसांतली तिकिटं सुरू झाल्या झाल्या संपतात. २०२५ साली रेल्वेनं गणपतीसाठी विशेष गाड्यांच्या ३८० फेऱ्या जाहीर केल्या. त्यांचा मोठाच आधार झाला, यात शंका नाही. पण घरी जायचं कारण दोन महिने आधी कळतंच असं नाही. वडिलांना दवाखान्यात हलवलं, भावकीत कुणी गेलं, सात-बाराच्या नोंदीसाठी तलाठ्यापुढे उभं राहायचंय. फोन आज येतो आणि उद्या सकाळी निघावं लागतं. अशा माणसाला खिडकीवर तिकीट काढून चढता येईल आणि त्याच्याच गावाला थांबेल अशी गाडी हवी असते. गणपतीच्या जादा गाड्या त्याच्या त्या दिवशी नसतात. पॅसेंजर असते.

आणि हीच गाडी या मार्गावर सगळ्यांत जास्त ताटकळते.

रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुपदरी झाला. त्यापुढे कोकण रेल्वेचा जवळजवळ सगळा मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल किंवा मागून वेगवान गाडी येत असेल, तर एकीला स्थानकात बाजूच्या रुळावर उभं राहावंच लागतं. कुणी उभं राहायचं हे गाड्यांच्या प्रतिष्ठेनुसार ठरतं आणि पॅसेंजर त्या उतरंडीत तळाला आहे. गाडी लूप लाइनला लागली की पहिली दहा मिनिटं कुणी हलत नाही. मग चार पुरुष खाली उतरतात, एक जण सिग्नलकडे बघून येतो आणि डब्यात बातमी पोचते: जनशताब्दी आहे. लगेच कुणीतरी जाणता सांगतो की ही गेली तरी सुटका नाही, मागोमाग मांडवी घेतील. वर्षानुवर्षं जा-ये करणाऱ्यांना आपली गाडी कुठे अडली यावरून कुठली एक्सप्रेस किती उशिरानं धावतेय हे सांगता येतं. बाटल्या घेऊन पोरं नळाकडे पळतात. उन्हाळा असेल तर वाडीतली एखादी बाई पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन डब्याडब्यासमोर फिरते. दहा मिनिटांच्या थांब्यात तिची टोपली अर्धी होते, तासाभराच्या थांब्यात रिकामी. डब्यात फोन वाजत असतात. ‘गाडी खंय पावली?’ ‘वैभववाडीक. क्रॉसिंग आसा.’ पलीकडून पुढचं काही विचारलं जात नाही. क्रॉसिंग म्हटलं की जेवणाची वेळ पुढे गेली, हे घरच्यांना कळतं.

मग रूळ थरथरतात, धुळीचा लोट उठतो आणि बंद काचांचे डबे अर्ध्या मिनिटात निघून जातात. पॅसेंजर तिथेच उभी असते, कारण दुसरी अजून यायची आहे.

या थांबण्याची किंमत डब्यात बसून पुरती कळत नाही; ती उतरल्यावर कळते. कोकण रेल्वे ताशी १६० किलोमीटर वेगासाठी आखली गेली. त्यामुळे चढ १५०ला १ पेक्षा तीव्र नको आणि वळणं रुंद हवीत, ही अट सुरुवातीपासून होती. एसटीचा रस्ता डोंगराला वळसा घालत गावागावांतून जातो, तशी मुभा या रुळांना नव्हती. सह्याद्रीच्या सोंडा फोडत आणि त्यांच्यामधून पश्चिमेला धावणाऱ्या नद्या ओलांडत त्यांना जावं लागलं. म्हणून ९१ बोगदे आणि दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल. म्हणून उक्षी आणि भोक्याच्या मधला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि रत्नागिरीपुढचा ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल. अभियांत्रिकी म्हणून हे काम थक्क करणारं आहे. पण त्याचा एक परिणाम प्रवाशाच्या वाट्याला आला: स्थानक जिथे सपाटी मिळाली तिथे झालं, गाव असेल तिथे नाही. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड या स्थानकांवर उतरलेल्या माणसाचा प्रवास संपलेला नसतो. पुढे एसटी, नाहीतर सहा आसनी, नाहीतर रिक्षा. गाडी वेळेवर आली तर वस्तीची एसटी मिळते. दोन क्रॉसिंग जास्त झाली की ती गेलेली असते, आणि मग पिशव्यांसकट स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आख्ख्या रेल्वे तिकिटाच्या कितीतरी पट पैसे मोजून रिक्षा करावी लागते. नियंत्रण कक्षातल्या आलेखावर पॅसेंजरला दिलेला तासाभराचा उशीर फुकटचा दिसतो. त्याचे पैसे असे कुणाच्या तरी खिशातून जातात.

कोकणचा माणूस वाट बघायला शिकलाय, असं कौतुकानं म्हटलं जातं. त्याच्यावर ती वेळ पिढ्यानपिढ्या आणली गेली, हे म्हणणं जास्त खरं आहे. रेल्वेच्या आधी मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी होत्या. जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत त्या जायच्या. अनेक ठिकाणी धक्का नसल्यानं बोट समुद्रात उभी राहायची आणि बायकामुलं, बोचकी सगळं हेलकावणाऱ्या पडावात उतरायचं. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ रेवसकडे जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आगबोटींनंतर रात्रभराची एसटी आली. या सगळ्या काळात रेल्वेची मागणी चालूच होती. अ. ब. वालावलकरांनी या मार्गासाठी आयुष्य वेचलं. बॅरिस्टर नाथ पैंनी आणि त्यांच्यानंतर राजापूरचेच खासदार झालेल्या प्रा. मधु दंडवते यांनी संसदेत तो विषय लावून धरला.

दंडवत्यांचं नाव इथे आणखी एका कारणासाठी घ्यायला हवं. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर त्यांनी फोमच्या गाद्या बसवल्या. आज ती गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण स्वस्त तिकीट काढणाऱ्याच्या पाठीलाही दुखतं, हे त्या निर्णयात सरकारी पातळीवर पहिल्यांदा मान्य झालं. पुढे १९९० साली ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. एवढ्या थोड्या वर्षांत एवढ्या अवघड प्रदेशात रेल्वे उभी राहिली, याचं एक कारण हजारो शेतकऱ्यांनी दिलेली जमीन हे आहे. कोकणात जमिनीचे तुकडे किती लहान आणि सात-बारावर नावं किती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या देण्याचं वजन कळेल. रेल्वे आली की पोरगं सणाला वेळेवर घरी येईल, हा त्यामागचा साधा हिशोब होता.

त्या हिशोबाकडे बघितलं की दादरचा प्रश्न नीट समजतो. कोविडपूर्वी रत्नागिरी पॅसेंजर दादरहून सुटायची. लालबाग-परळच्या चाळींत, नायगावात, वरळीत राहणाऱ्या कोकणवासीयांना ते हाताशी होतं. कोविडनंतर ती दिव्याहून सुटू लागली. म्हणजे आता सामान आणि म्हातारं माणूस घेऊन आधी लोकलच्या गर्दीत घुसायचं, दिव्याला जिना चढायचा-उतरायचा आणि मग गाडी पकडायची. दादरला फलाट अपुरे आहेत, उपनगरी गाड्यांचा ताण आहे, हे खरं. पण फलाट अपुरे पडले तेव्हा बाजूला कुणाला सारलं गेलं, हेही तितकंच खरं. ज्या प्रवाशाचं आरक्षण नसतं त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. त्याची गैरसोय झाली तरी एकही तिकीट रद्द झाल्याची नोंद होत नाही. प्रवासी संघटना वर्षानुवर्षं निवेदनं देतात ती बहुधा याच कोऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलं जावं म्हणून.

पॅसेंजरच्या विरोधातला युक्तिवाद मात्र हलका नाही. एकेरी मार्गावर प्रत्येक थांबा मागच्यापुढच्या गाड्यांची मिनिटं खातो. अनारक्षित तिकिटातून गाडीचा खर्च निघत नाही. पैसे मिळतात ते मालगाड्यांतून, आणि १९९९ पासून ट्रक गाडीवर चढवून नेणाऱ्या रो-रो सेवेतून. हे महामंडळ कर्जरोख्यांच्या पैशावर उभं राहिलं, त्याच्या परतफेडीचा बोजा मोठा होता, आणि त्यासाठीच या मार्गावर प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर धरून भाडं आकारलं जातं. म्हणजे पॅसेंजरचा प्रवासीसुद्धा इतर ठिकाणच्या प्रवाशापेक्षा जास्त दरानं पैसे देऊन मग बाजूच्या रुळावर थांबतो. केरळहून दिल्लीला जाणारी गाडी विन्हेऱ्याला थांबावी, असं कुणीच म्हणत नाही. मागणी एवढीच आहे की एका पॅसेंजरला एका प्रवासात किती वेळ अडवायचं याला काही मर्यादा असावी, आणि उशिरानं धावणाऱ्या एक्सप्रेसची भरपाई दर वेळी वेळेवर धावणाऱ्या पॅसेंजरनं करू नये.

पावसाळ्याचा उशीर वेगळा, आणि त्याबद्दल डब्यात कुणी कुरकुरत नाही. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कटिंगमधले दगड रुळांवर आले आणि गाडी घसरून पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. त्यानंतर दरडींचे उतार कापले गेले, जाळ्या बसल्या, पावसाळी वेळापत्रकात वेग उतरवला गेला. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर गाडी ताशी ४० किलोमीटरनंच न्यायची, अशा सूचना चालकांना असतात. रात्रभर रेनकोट घालून, हातात बत्ती घेऊन ट्रॅकमन दोन स्थानकांमधला रूळ चालत तपासतात. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ बोगद्याच्या तोंडाशी दरड आली आणि वाहतूक दिवसभर ठप्प झाली, तेव्हा अडकलेल्या प्रवाशांचे हाल झाले. पण दरडीसाठी थांबणं आणि प्रतिष्ठेसाठी थांबणं यांतला फरक या भागातल्या लोकांना चांगला कळतो.

आता कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करण्याची प्रक्रिया सुरू झाली आहे. महामंडळ उभं राहिलं तेव्हा त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं संमती कळवताना दोन गोष्टी मागितल्या: ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावं आणि राज्यानं घातलेले जवळपास चारशे कोटी रुपये परत मिळावेत. दोन्ही मागण्या रास्त आहेत. विलीनीकरणामुळे अर्थसंकल्पातून पैसा मिळेल आणि वीरच्या पुढे दुपदरीकरण सरकेल, ही आशाही खोटी नाही, पण बोगदे-पुलांच्या या मुलखात त्या कामाला कित्येक वर्षं जातील. तोवर एकाच रुळावर सगळ्यांना जायचं आहे. म्हणून राज्यानं आपल्या वाट्याच्या बळावर आणखी तीन गोष्टी लेखी मागायला हव्या होत्या आणि अजूनही मागता येतील: जादा किलोमीटर धरून होणारी भाडेआकारणी बंद व्हावी, रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरहून सुटावी, आणि दिवा–सावंतवाडी गाडी शेवटच्या एसटीच्या आधी स्थानकात पोचेल असं वेळापत्रक एसटी महामंडळाबरोबर बसून ठरवावं. तिसऱ्या मागणीला तर नवा रूळ, नवा पूल, नवा बोगदा यांपैकी काहीच लागत नाही. दोन कार्यालयांतली माणसं एका टेबलाशी बसली की ते काम सुरू होऊ शकतं.