खेळ कीं परीक्षा?

माझे एक वृद्ध स्नेही रोज सकाळीं चहा झाला कीं मोबाइलवर स्मरणशक्तीचा खेळ खेळतात. क्षणभर दिसलेलीं चित्रें आठवावयाचीं, आंकडे उलट क्रमानें सांगावयाचे, असें त्याचें स्वरूप. परवां ते हंसत म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, बुद्धीला गंज चढूं नये म्हणून हा व्यायाम!" त्यांच्या त्या समाधानानें मला मात्र विचारांत टाकलें.

प्रथम ह्या व्यायामाच्या फलाविषयीं. 'लुमोसिटी' ह्या प्रसिद्ध खेळांच्या अमेरिकन चालकांनीं, त्यांच्या योगें वार्धक्यांतील बुद्धिमांद्य लांबणीवर पडतें, अशी जाहिरात केली होती. तिला पुरेसा शास्त्रीय आधार नाहीं, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशननें ठेवला व २०१६ सालीं २० लक्ष डॉलर भरून त्यांना तडजोड करावी लागली. भीति दाखवून पैसा मिळविणें वाईट खरेंच. पण गेलेला पैसा परत मिळूं शकतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. खेळणाऱ्याचा प्रत्येक स्पर्श, प्रत्येक चूक, उत्तरास लागलेला वेळ, हें सारें चालकाकडे नोंदलें जाऊं शकतें. वर्षभराच्या नोंदी एकापुढें एक मांडल्या कीं मनाची गति मंदावत आहे काय, ह्याचा तर्क परक्यालाही करतां येतो. तो तर्क चुकीचा असला तरी नोकरी वा विमा देणाऱ्याच्या मनांत किंतु उत्पन्न करण्यास पुरेसा होय. जी शंका घरच्या माणसांनाही आली नसेल, ती दुकानदारास अगोदर यावी काय?

कोणी म्हणेल, त्यांनीं संमति दिलीच होती. परंतु ती खेळास होती, परीक्षेस नव्हे. वैद्यही आपली तपासणी करतो. पण ती होत आहे हें आपणांस ठाऊक असतें, आणि जें कळेल तें आपल्याच हितासाठीं वापरण्याच्या कर्तव्यानें तो बांधलेला असतो. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या कायद्यानेंही संमति मोकळी व समजून दिलेली असावी, असें म्हटलें. तथापि लांबलचक अटींखालीं घाईनें दाबलेलें बटण ही समज कोठून आणणार? नीतीची कसोटी साधी आहे : जें कळल्यावर खेळणारा खेळ थांबवील, तें त्याच्यापासून लपवूं नये.

हें सर्व मीं स्नेह्यांना सांगितलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं बुद्धिबळाचा पट मांडला. पहिला डाव मी हरलों. तें मी आपण होऊन सांगत आहें; सांगावें कीं न सांगावें, हें माझ्याच हातीं होतें.