बघणाऱ्याचा वाटा

१९८८ साली कांद्याच्या पैशात मी जुनी राजदूत घेतली. पेट्रोलात ऑइल कालवायचं, दोन-चार किका मारायच्या, की धूर सोडत अशी फटफटायची, की गोदावरीपल्याडच्या माणसालाही कळावं, स्वारी निघाली. पुढं स्प्लेंडर आली. दुधाचे कॅन, युरियाची गोण, दवाखान्यात न्यायची बायको, एकदा तर आजारी शेळी, सगळं ह्या गाड्यांनी वाहिलं. शेतकऱ्याच्या घरी मोटारसायकल म्हणजे पेट्रोल पिणारा बैलच.

पण खरा नाद मला बघण्याचा. बैलगाडा शर्यत असली की हातातलं काम टाकून मी धावपट्टीच्या कडेला. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाला मोटोजीपी झाली, ती गोठ्यात बसून नातवाच्या मोबाईलवर पाहिली. बेझेकी नावाचा इटलीचा गडी पहिला आला. वळणावर गडी गुडघा जमिनीला टेकवतो, तेव्हा इकडं माझा श्वास अडकतो.

ह्याच नादापायी एक गोष्ट घडली. चारीच्या कडेच्या डांबरी रस्त्यावर संध्याकाळी पोरं गाड्या पळवायची. एक दिवस म्हणाली, "नाना, तुमी फक्त रुमाल खाली टाका." मी टाकला. दोन गाड्या सुटल्या. मागं उभ्या तीस-चाळीस जणांनी आरोळी ठोकली, त्यात माझीही होती. मोरीवर वाळू सांडलेली होती. एक गाडी घसरली. एकोणीस वर्षांचं पोरगं, पाय दोन ठिकाणी मोडला, आत रॉड टाकावा लागला.

भेटायला गेलो तर त्याचा बाप म्हणाला, "नाना, तुमी कशाला मनाला लावून घेता? तुमी तर नुस्ते बघत होता."

त्यानं माफ केलं, पण हातातला चहा काही घशाखाली उतरेना.

मोटार वाहन कायद्यात १८९ वं कलम आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत करणारा गुन्हेगार, अन् करू देणाराही गुन्हेगार. २०१९ च्या दुरुस्तीनं अल्पवयीन पोरानं गाडीवर गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड अन् तीन वर्षांपर्यंत कैद. माझ्यासारखा रुमाल टाकणारा एखाद्या वेळी सापडेलही. पण मागं उभे राहून ओरडणाऱ्याचं नाव कुठल्याच कलमात नाही. मग त्याचा वाटा शून्य का?

तेच पोरगं पहाटे दुधाचे कॅन लावून चारीवरूनच जायचं. तीच गाडी, तोच रस्ता, तीच मोरी. तेव्हा ते सावकाश जायचं, कारण पहाटे बघायला कुणी नसतं. म्हणजे संध्याकाळचा वेग नुसता इंजिनातला नव्हता. थोडा आमच्या डोळ्यांतला होता.

आणखी एक. बैलगाडा पहिला आला की कडेचा माणूस म्हणतो, "आपला गाडा आला!" त्यानं ना बैलाला चारा घातला, ना कासरा धरला. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप आमच्या पुणतांब्यातून सुरू झाला. त्या वेळी जे नुसते कडेला उभे होते, तेही आज छाती पुढं काढून सांगतात, "आमी व्हतो की!" शाबासकीत बघणाऱ्याला वाटा पाहिजे. मग मोडलेल्या पायातच तो का नको?

कुणी म्हणेल, असं धरलं तर कुस्तीही बघू नये. तसं मी म्हणत नाही. २०२० च्या जानेवारीत डकार रॅलीत हिरोच्या संघातला पाउलो गोन्साल्विस हा पोर्तुगालचा गडी गाडीवरून पडून गेला. तिथं सगळी तयारी होती, तरी मरण चुकलं नाही. पण त्यानं जाणून पत्करलं होतं, अन् दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा रद्द केला गेला. थांबवणारं कुणीतरी होतं. मी गोठ्यात बसून ते थांबवू शकत नव्हतो. चारीवर मात्र थांबवू शकत होतो. पोरांनी रुमाल माझ्या हातात दिला होता. ज्याला थांबवता येतं, त्याचं बघणं नुसतं बघणं राहत नाही.

आमच्या गावात चांगदेवांची समाधी आहे. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ते ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले, ही कथा लहानपणी ऐकली. ज्ञानदेव भिंतीवर बसून सामोरे आले, इथं सगळे हात जोडतात. मला आता वाटतं, चांगदेवांना भेटायलाच जायचं होतं तर पायीही जाता आलं असतं. वाघ लागला तो लोकांनी बघावं म्हणून. अन् वाटेत लोकांनी बघितलंही असेल, वाहवाही केली असेल.

आधी मी चारीकडं जाणंच सोडलं. पण मी नसलो तरी गाड्यांचा आवाज घरापर्यंत यायचा. कानावर हात ठेवणं हेही बघण्यासारखंच निघालं. म्हणून आता संध्याकाळी जातो अन् स्प्लेंडर मोरीवर आडवी लावून बसतो. पोरं वैतागतात. "नाना, म्हातारपणी डोकं फिरलं का?" म्हणतात. काही जण दुसरा रस्ता धरतात, तेही मला ठाऊक आहे.

परवा ते पाय मोडलेलं पोरगं दूध घालून परत येत होतं. जरा लंगडतं अजून. गाडी थांबवून माझ्या शेजारी येऊन बसलं. दोघंही काही बोललो नाही.

नातू सोळाचा झालाय. रोज स्प्लेंडरची चावी मागतो. ती सध्या माझ्या कोपरीच्या खिशात असते.