निरोप पोचला, उत्तराचं काय?

१९ फेब्रुवारी १९५६, रविवार. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम लागला. तो ऐकायला पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत माणसं ठरवून एकत्र बसली होती. दर गावी वीसेक जणांचं मंडळ, एक निमंत्रक आणि एक रेडिओ. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलं त्यावर बोलायचं. काय ठरलं, कुठे अडलं, हे निमंत्रकाने लिहून पुण्याला धाडायचं, आणि त्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरं यायची. आठवड्यातून दोनदा असे वीस कार्यक्रम झाले आणि २९ एप्रिलला प्रयोग संपला. कल्पना कॅनडाची. तिथे शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं १९४१पासून चालत होती. पाठबळ युनेस्कोचं होतं आणि मोजमापाची जबाबदारी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची.

खेड्यांतल्या संपर्कसाधनांचा इतिहास हा माझ्या अभ्यासाचा आणि अध्यापनाचा विषय. नवा विद्यार्थी आला की मी त्याला आधी या दहा आठवड्यांकडे पाठवतो, कारण इथे प्रश्न नीट विचारला गेला होता. पाहणी करणाऱ्यांनी तीन प्रकारची गावं निवडली. काहींत रेडिओही होता आणि मंडळही, काहींत नुसता रेडिओ, तर काहींत दोन्ही नाही. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना शेतीविषयी, आरोग्याविषयी तेच प्रश्न विचारले. मंडळं असलेल्या गावांत माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेली गावं मात्र रेडिओ नसलेल्या गावांच्या फारशी पुढे गेली नव्हती. म्हणजे फरक यंत्राने पडला नव्हता, यंत्र बंद केल्यानंतरच्या बोलण्याने पडला होता. आणि हे बोलणं वाया गेलं नाही. मंडळांच्या ठरावांतून विहिरी खणल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, बालवाड्या निघाल्या.

हे मोजमाप ज्यांनी केलं त्या पॉल न्यूरात यांच्याविषयी मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. जन्म व्हिएन्नाचा, १९११चा. वडील ओटो न्यूरात हे नावाजलेले तत्त्वज्ञ. सामान्य माणसाला आकडे कळावेत म्हणून चित्रांची भाषा घडवणारे ते हेच. पॉल यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं. १९३८मध्ये नाझींनी त्यांना पकडून आधी डाखाऊच्या आणि मग बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. १९३९मध्ये सुटका झाल्यावर ते स्वीडनला गेले आणि तिथून १९४१मध्ये अमेरिकेला. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला तो छावणीतल्या कैद्यांच्या समाजजीवनावर. माणसं गट कशी करतात, कुणाचा शब्द चालतो, कोण कुणाला सांभाळून घेतं, हे त्यांनी स्वतः भोगत असताना पाहिलं होतं. तो प्रबंध पुस्तकरूपाने निघाला त्यांच्या मृत्यूनंतर. कोलंबियात त्यांचे गुरू होते व्हिएन्नाचेच पॉल लाझार्सफेल्ड, रेडिओच्या श्रोत्यांचा शास्त्रीय अभ्यास रुजवणाऱ्यांतलं मोठं नाव. असा हा माणूस पाहुणा प्राध्यापक म्हणून मुंबईला आला आणि घाटावरच्या गावांत वीस माणसं रेडिओभोवती बसून काय करतात ते टिपू लागला. त्यांच्या अहवालाचं बारकाईने वाचन करताना मला जाणवत राहतं की त्यांची नजर पेटाऱ्यावर कधी खिळत नाही. ती बसलेल्यांवर असते. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांच्यासह लिहिलेला हा अहवाल युनेस्कोने १९५९मध्ये छापला.

त्यांनी जिथे थांबवलं तिथून पुढे प्रश्न विचारणं हे आमचं काम आहे. मंडळ बसायचं ती जागा कुणाची होती? चावडी असेल तर तिथे कोण चढू शकत होतं, कोण पायरीशी उभं राहत होतं? घरातल्या बाईला त्या बैठकीतलं काय कळलं, आणि कुणाकडून? कोंबड्या ती पाळणार, बालवाडीत पोर ती धाडणार. तिचा प्रश्न निमंत्रकाच्या वहीत कुठल्या वाटेने जायचा? १९५९पासून ही मंडळं देशभर काढण्याचं ठरलं. मंडळांची संख्या वाढत गेली, पण निमंत्रक तयार करणं, आलेलं प्रत्येक पत्र वाचणं, त्याला वेळेत उत्तर देणं या खर्चिक आणि चिकाटीच्या कामांना तो वेग झेपला नाही. पुढे ट्रान्झिस्टर आला. रेडिओ चावडीवरून ज्याच्या त्याच्या खांद्यावर गेला. ऐकणारे वाढले, एकत्र ऐकणं सरलं.

माझं म्हणणं असं की खेड्यातल्या संपर्काचा इतिहास यंत्रांच्या यादीने लिहिला की तो चुकतो. आधी डाक, मग तार, रेडिओ, दूरदर्शन, टेलिफोन, मोबाइल अशी चढती माळ लावली की सगळं पुढेच जात आलंय असं वाटतं. अमेरिकेतला दाखला पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शेतकऱ्यांनी आपसांत वर्गणी काढून टेलिफोनच्या तारा ओढल्या, काही ठिकाणी तर कुंपणाची काटेरी तारच त्यासाठी वापरली. एका तारेवर अनेक घरं असत, आणि एकाचं बोलणं सगळी आळी ऐके. कंपन्यांना हे ऐकणं खपत नसे. शेतकऱ्यांना मात्र गावाची खबर त्यातूनच कळे. १९२०मध्ये तिथल्या शेतघरांपैकी जवळपास ३९ टक्क्यांकडे टेलिफोन होता. १९४०मध्ये तो २५ टक्क्यांवर आला. आलेलं साधन परत जाऊ शकतं. म्हणून गावाला बोलता आलं का आणि त्या बोलण्याला उत्तर मिळालं का, हे मी आधी पाहतो.

या दृष्टीने मनीऑर्डरसारखी जुनी सोय मला फार समृद्ध वाटते. ती १८८०मध्ये सुरू झाली. मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी कोकणात घरी पैसे धाडी तेव्हा फॉर्मच्या एका कोपऱ्यात निरोपासाठी जागा असे. तो तुकडा घरी राही. पैसे मिळाल्याची पोच मात्र घेणारीच्या सहीने किंवा अंगठ्याने मुंबईला परत जाई. अक्षर न येणाऱ्या बाईचा अंगठा खोलीवर परत आला की पैसे तिच्याच हाती पडल्याची खात्री नवऱ्याला पटे. निरोप बहुधा पोस्टमनच ओटीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवी, त्यामुळे त्या चार ओळींत नवरा-बायकोचं आपलं असं काही लिहिणं अवघडच. पावसाचं, सासऱ्याच्या औषधाचं, पोराच्या शाळेचं लिहावं आणि तिने काय ते समजून घ्यावं. संपर्काचा इतिहास मला अशा कागदांत सापडतो.

अगदी अलीकडच्या काळातही तोच धडा आहे. १९९८मध्ये वारणानगर परिसरातल्या ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा मोठा प्रकल्प उभा राहिला. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण, सगळंच त्यातून मिळेल अशी अपेक्षा होती. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी जाऊन पाहिलं, तर लोक केंद्रावर येत ते मुख्यतः तिथल्या साखर कारखान्याच्या कामासाठी: ऊस किती भरला, खत किती मिळालं, बिल किती निघालं. त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइलचे लघुसंदेश आणून दाखवले, आणि तेवढ्याने काम भागलं. मी या प्रकल्पाला फसलेला म्हणत नाही. गावाने त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं, कारण तिथे कारखान्याशी देवाणघेवाण आधीपासून होती आणि विचारलेल्याला उत्तर मिळत होतं.

याउलट दाखला आहे भावांच्या संदेशांचा. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत पाहणी केली. काही शेतकऱ्यांना कांदा, टोमॅटो, डाळिंब, सोयाबीन अशा पिकांचे भाव आणि हवामान मोबाइलवर फुकट मिळेल अशी सोय केली. २०१२मध्ये निष्कर्ष छापून आला: त्यांच्या मालाला मिळालेल्या भावात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. केरळच्या किनाऱ्यावर मात्र मोबाइल आल्यावर मासळीच्या भावांतली तफावत झपाट्याने घटल्याचं रॉबर्ट जेन्सन यांनी २००७मध्ये दाखवलं होतं. मासळी आणि कांदा एका मापाने मोजता येणार नाहीत. नाव हव्या त्या बंदराकडे वळते, भरलेला टेम्पो तसा वळत नाही. पण दोन्हींत आणखी एक भेद आहे, तो मला कळीचा वाटतो. कोळी समुद्रातून फोन करून विचारत होता, सौदा ठरवत होता. शेतकऱ्याच्या हाती नुसता आकडा येत होता. ज्या अडत्याकडून उचल घेतली आहे त्याच्यासमोर उभं राहून तो आकडा त्याने काय करायचा?

म्हणून मला माण तालुक्यातलं म्हसवड महत्त्वाचं वाटतं. माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र तिथे २००८पासून चालतं. ज्या सातारा जिल्ह्यात १९५६ला मंडळं बसली, त्याच जिल्ह्यात आता गावातलीच माणसं माईकसमोर बसतात, त्यांत बायका आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने या दोन प्रयोगांची नुसती शेजारी ठेवून तुलना केली तरी उत्तम प्रबंध होईल. त्यासाठी तंत्रज्ञानाचा इतिहास, समाजशास्त्र आणि कृषिविस्तार या तिन्ही दारांवर थाप मारावी लागेल, कारण आपल्याकडे या विषयाला स्वतःचं घर नाही. इतिहासवाल्यांना तो फार ताजा वाटतो आणि पत्रकारिता विभागांना फार जुना.

तोवर कागद हातचे जाताहेत. पाठवणाऱ्यांचे अहवाल टिकतात, ते इंग्रजीत छापलेले असतात. गावाचं उत्तर मराठीत, वहीत, पोस्टकार्डावर असतं आणि ते आधी नष्ट होतं. आता तर ते गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आहे. पाण्याच्या टँकरची वेळ, हरवलेली शेळी, सरपंचावरचा राग, सगळं तिथे लिहिलं जातं आणि फोन बदलला की जातं. गटातल्या लोकांची रीतसर संमती घेऊन, नावं झाकून, एकेका गावाची एकेका वर्षाची नोंद विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी जपायला हवी. प्रत्येक जिल्ह्यात दोन गावं घेऊन सुरुवात करता येईल, आणि त्याला खर्चही फार येणार नाही.