‘आपली पिढी’ म्हणजे नेमकं कोण?

कॅसेटची गुंतलेली टेप पेन्सिलीने गुंडाळली असेल तर तुम्ही ‘शेवटच्या सुखी पिढी’चे, अशा अर्थाचं रील अधूनमधून कुणीतरी पाठवतंच. बघायला मजा येते. पण त्यातल्या ‘आपण’मध्ये कोण कोण येतं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जन्मतारखेवरून माणसांचे गट पाडायला मला कोडची एक ओळ पुरते. पिढ्यांची लेबलंही तशीच पडतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने १९८१ ते १९९६मध्ये जन्मलेल्यांना मिलेनियल मानलं आणि १९९७पासूनच्यांना जेन झी. रेघ ओढताना त्यांनी पाहिलं, की ११ सप्टेंबरचा हल्ला झाला तेव्हा कोण किती वर्षांचं होतं, २००७मध्ये आयफोन आला तेव्हा किती. तिथल्या सर्वेक्षणांसाठी हे ठीक. आपण मात्र ती रेघ जशीच्या तशी उचलली.

या हिशेबाने १९९६ची माझी मावसबहीण मिलेनियल आणि १९९७चा मी जेन झी. आमच्यातला खरा फरक वेगळाच होता. २०१५मध्ये इंजिनिअरिंगला प्रवेश मिळताच मला स्मार्टफोन मिळाला. तिने स्वतःचा फोन घेतला तो २०१९मध्ये, पहिल्या पगारातून. मधल्या काळात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, तरी ती भावाच्या फोनवर होती. तो देईल तेवढा वेळ.

समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइमने १९२८मध्येच मांडलं होतं, की नुसतं एका काळात जन्मून पिढी होत नाही. सामाईक अनुभवात वाटा असावा लागतो. आपल्याकडे हा वाटा घरातही सारखा मिळत नाही.

जुन्या दिवसांचंही तेच. एसटीडी बूथची पिवळी पाटी आपल्याला गोड वाटते. रात्री दर उतरेपर्यंत थांबून, पाठीमागे रांग आणि समोर पळणारं मीटर सांभाळत माहेरी बोललेल्या बाईला ती तितकीच गोड वाटेल का?

म्हणून ‘आपली पिढी’ म्हणूच नये असं नाही. पण म्हणताना कोण बाहेर राहिलं, हे बघायला हवं. कारण हा प्रश्न केवळ आठवणींचा नाही. फॉर्म बनवताना आम्ही इंजिनिअर सहज धरून चालतो, की प्रत्येक माणसाकडे स्वतःचा फोन आहे. ज्या बाईचा ओटीपी आजही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर जातो, तिचा जन्म कुठल्याही वर्षीचा असो, तिच्यासाठी तो फॉर्म अर्ध्यावरच थांबतो.