नदीकांठची माशी आणि शेजारधर्म

शेजाऱ्याच्या हितासाठीं झटतांना त्यांत आपलाहि फायदा असला, तर त्यास सत्कृत्य म्हणावें कीं व्यापार? हा प्रश्न मंडळीच्या पंचायतींत आम्हीं पुष्कळ वेळां ऐकिला आहे. सामाईक विहिरीचा गाळ उपसण्याचें काम निघालें कीं तो हटकून निघतो. यावर नुसता वाद न घालतां पश्चिम आफ्रिकेंत घडलेली एक हकीगत वाचकांपुढें ठेवितों.

तेथें व्होल्टा व इतर नद्यांच्या खळाळत्या पाण्यांत एक लहान काळी माशी वाढते. तिच्या दंशानें एका जातीचे जंत माणसाच्या अंगांत शिरतात. सर्वांगास असह्य कंड सुटते, आणि वर्षानुवर्षें असे दंश सोशिलेल्या कित्येकांची दृष्टि अखेर जाते. नदीकांठची जमीन सुपीक खरी, पण या भयानें गांवेंच्या गांवें ती टाकून निघून गेलीं. काठीचें एक टोंक धरून लहान मूल पुढें चाले, व दुसरें टोंक धरून त्याचा आंधळा बाप मागें.

१९७४ सालीं घाना, माली, नायजर इत्यादि सात देशांनीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें मोहीम आरंभिली. पैसा बहुतांशीं बाहेरील राष्ट्रांनीं व जागतिक बँकेनें दिला. हेलिकॉप्टरांतून नद्यांच्या प्रवाहांत अळ्या मारणारें औषध आठवड्याच्या आठवड्यास टाकीत. तरी स्वच्छ केलेल्या नद्यांवर माशा पुन्हा दिसूं लागल्या! त्या वाऱ्याबरोबर शेंकडों मैलांवरून, मोहिमेबाहेरील देशांतून येत होत्या. तेव्हां आणखी चार देश सामील करून घेणें भाग पडलें.

यांत स्वार्थ होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हा जंत माणसाच्या शरीरांत दहा वर्षांहूनहि अधिक जगतो, म्हणून तितकीं वर्षें औषध टाकीत राहावें लागलें. कोणत्या राज्यकर्त्याचा स्वार्थ इतक्या लांबवर पाहतो? शिवाय गेलेले डोळे परत येत नाहींत. म्हाताऱ्या आंधळ्यांस या सर्व खटपटींतून दृष्टि मिळाली नाहीं. जें मिळालें तें नातवंडांस. लाभ झाला एवढ्यावरून कृत्य हलकें होत नाहीं, असें आमचें मत आहे. तें लाभाच्या हिशेबापाशीं थांबलें कीं पुढें गेलें, एवढें पाहावें.

१९८७ सालीं मर्क या अमेरिकन कंपनीनें आयव्हर्मेक्टिन हें औषध लागेल तितकें फुकट देण्याचें जाहीर केलें. तें जुन्या जंतांस मारीत नाहीं, त्यांच्या पिलांस मारतें, म्हणून पुनःपुन्हा घ्यावें लागतें. पुढें गांवकऱ्यांनींच आपल्यांतून माणसें निवडून तें वांटलें. खुणा केलेल्या काठीनें उंची मोजून गोळ्या देत.

२००२ सालीं मोहीम संपली, तेव्हां सुमारें ६ लक्ष माणसांचें अंधत्व टळलें होतें, व अडीच कोटि हेक्टर जमीन पुन्हा वस्तीयोग्य झाली होती. मात्र सियेरा लिओन देशांत यादवी युद्धामुळें काम अडून रोग मागें राहिला होता. आपापलें काम झालें म्हणून सर्वांस घरीं जातां आलें असतें. तसें न करितां अशा मागें राहिलेल्या भागांत खास काम २००७ पर्यंत चालू ठेविलें.