पंक्तीतील हसू

धर्माच्या मंदिरात विनोदास मज्जाव असावा, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात फार दृढ आहे. देवापुढे उभे राहावयाचे ते हात जोडून, मान खाली घालून आणि मुद्रा शक्य तितकी गंभीर करून. हसू ओसरीवर शोभते, नाटकगृहात शोभते; देवाच्या दारी मात्र ते पादत्राणांबरोबर बाहेर ठेवावे, अशी आपली रीत. जो उपदेशक श्रोत्यांस हसवितो, त्याच्या श्रद्धेविषयी आपण मनात थोडी शंकाच बाळगतो. हा समज कितपत यथार्थ आहे, आणि हसू भक्तीस पोषक केव्हा व मारक केव्हा, ह्याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

ह्या विचारास निमित्त झाले ते देहूरोड येथील आमच्या परिचयाचे एक पाळकसाहेब. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील हे गाव लष्करी कोठारांच्या आश्रयाने वाढले. नाव घेतले ते जवळच्या तुकोबांच्या देहूचे. वस्ती मात्र नोकरीच्या निमित्ताने नाना प्रांतांतून आलेल्या लोकांची. अशा ठिकाणच्या एका लहानशा मराठी मंडळीची सेवा हे गृहस्थ करितात. आम्ही ख्रिस्ती नाही. परंतु त्यांच्याशी बोलण्याचा योग आम्हांस वारंवार येतो, आणि त्यांचे बोलणे ऐकून हसू आल्यावाचून राहत नाही.

ते म्हणतात, “प्रभू पाण्यावरून चालत गेला, ह्यावर आमच्या लोकांचा पूर्ण विश्वास आहे, पण त्यांतले कोणी कोरड्या जमिनीवरून पहिल्या बाकापर्यंत चालत येत नाही. देऊळ नेहमी मागच्या बाजूने भरते.” दानाचे ताट फिरू लागले की गीताचा सूर एकाएकी चढतो, तो भक्तीने चढतो की नाण्याचा आवाज झाकावा म्हणून, हे आपणांस अद्याप उमगले नाही, असे ते सांगतात. काही भगिनींची प्रार्थना फार लांबते, कारण शेजारच्या घरात काल काय घडले हे सर्वज्ञ देवास ठाऊक नसावे असे त्यांना वाटते! नाताळच्या नाटुकल्यात मरिया होण्यासाठी मुलींत भांडणे लागतात, देवदूताच्या कागदी पंखांसाठी मुले रुसतात. गाढवाचे सोंग मात्र कोणी मागत नाही. “आणि खरे पाहता,” ते पुढे म्हणतात, “त्या रात्री ओझे वाहिले ते गाढवानेच. मंडळीतही तसेच आहे.”

ते स्वतःसही ह्यातून वगळीत नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांत अशी कथा आहे की, पौलाचा उपदेश मध्यरात्रीपर्यंत चालला, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने झुकून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. ह्यावर पाळकसाहेबांचे भाष्य असे: “पौलासारख्याच्या उपदेशात माणूस झोपतो, तेथे आमची काय कथा? आम्ही एवढेच केले की, देऊळ एकमजली बांधले.”

आता कोणी म्हणेल, हा सर्व पोरखेळ आहे. ह्याने धर्माचे गांभीर्य उणे होते. आम्हांस तसे वाटत नाही. वरील विनोदांत हसण्याचा विषय देव नाही, शुभवर्तमान नाही, कोणाचे दुःखही नाही. विषय आहे तो मनुष्याच्या मोठ्या बोलण्यातील आणि लहान वागण्यातील अंतर. हे अंतर दाखविण्याचे मार्ग दोन. एक शापवाणीचा, त्याने श्रोता बिथरतो किंवा ढोंग करू लागतो. दुसरा हसण्याचा, त्याने श्रोता स्वतःचा दोष पाहतो आणि तरीही जागेवरून उठून जात नाही. स्वतः येशूने हा दुसरा मार्ग अनेकदा पत्करिला. सुईच्या नाकातून जाऊ पाहणारा उंट, चिलट गाळून उंट गिळणारे शास्त्री, ही चित्रे ऐकून गालिलातील शेतकरी व कोळी खचित हसले असतील. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळाची आणि आपल्या डोळ्यातील मुसळाची गोष्ट तर आपल्या भाषेत अशी मुरली आहे की, ती मराठी बायबलातही आहे ह्याचे पुष्कळांस आश्चर्य वाटते. म्हातारपणी पुत्र होणार हे ऐकून सारा हसली, आणि त्या पुत्राचे इसहाक हे नावच हसण्यावरून पडले. ज्या ग्रंथात एका कुलपुरुषाचे नाव ‘तो हसतो’ ह्या अर्थाचे आहे, त्याच्या भक्तांनी हसण्यास का भ्यावे?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हसणे ही सुखवस्तूंची चैन आहे. ज्यांचे पोट भरलेले त्यांनी धर्माशी लडिवाळपणा करावा, दुःखितांस तो आधार आहे, असे कोणी म्हणतात. ह्याचे उत्तर आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त सापडते. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि ह्या बाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. अपत्यवियोग, दारिद्र्य, आप्तांचा रोष, सर्व त्यांनी भोगिले. पुढे १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. असे असून त्यांच्या ग्रंथाचे पान उलटावे आणि हसू यावे! वडिलांच्या सोवळ्याचे वेड त्या सांगतात, बाहेरून येणारे धान्यधुन्य पाण्यातून काढल्यावाचून ते घरात घेत नसत. पण सांगताना बापावरची माया तिळमात्र कमी होत नाही. पुढे स्वतःच्या सोवळ्याचीही त्यांनी तशीच गंमत केली, आणि पतीच्या उदार, विसराळू, हाती पैसा न ठरणाऱ्या साधुत्वाचीही. हे हसू चैनीचे नव्हे. जे सोडावे लागले त्याचा द्वेष न करिता ते सोडण्याची ती एक युक्ती होती.

तथापि सर्वच हसू असे निर्मळ असते, असे आम्ही म्हणत नाही. बायबलातच एलिया संदेष्ट्याची कथा आहे. कर्मेल डोंगरावर बआल दैवताचे उपासक आपल्या देवास हाका मारीत असता तो त्यांची थट्टा करितो: हाका जरा मोठ्याने मारा, तुमचा देव कदाचित निजला असेल! थट्टा झणझणीत खरी. पण त्या दिवसाचा शेवट त्या उपासकांच्या वधाने झाला. तिच्याशेजारी आपल्या एकनाथांचे ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड ठेवून पाहावे. त्यातही दोघे एकमेकांच्या देवधर्माची यथेच्छ टवाळी करितात, एकही मर्मस्थान सोडीत नाहीत. परंतु शेवटी दोघे एकमेकांस आलिंगन देतात. दोहोंत शब्दांचा तिखटपणा सारखाच, आणि तरीही केवढे अंतर! तेव्हा हसण्याची पारख शब्दांवरून होत नाही. हसून झाल्यावर, ज्यास हसलो तो आपल्याशेजारी पंक्तीस बसू शकतो की नाही, ही तिची खरी कसोटी.

‘पंक्ती’ हा शब्द आम्ही जाणून योजिला आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत मोठा भाग अशा लोकांचा आहे की, ज्यांच्या वाडवडिलांस गावाने पंक्तीबाहेर ठेविले होते. त्यांची बोली, त्यांची नावे, त्यांचा देव, सर्व काही वरच्या आळीच्या थट्टेचा विषय होते. प्रभुभोजनाच्या एका भाकरीत आणि एका प्याल्यात त्यांस जे मिळाले, ते केवळ तत्त्वज्ञान नव्हते. ती पंगत होती. अशा मंडळीत पाळकाने विनोद करणे ही लहान गोष्ट नाही. आमचे पाळकसाहेब म्हणतात, “ख्रिस्तात यहूदी नाही, ग्रीक नाही, हे वचन आमच्याकडे मोठ्या प्रेमाने वाचतात, सोयरीक ठरविताना मात्र हळूच विचारतात, मूळ गाव कोणते?” ह्या वाक्यावर त्यांची मंडळी हसते, आणि हसताहसता चरकते. हेच वाक्य आम्ही, ज्यांच्या पूर्वजांनी ती विचारपूस मुळात निर्माण केली, त्यांनी उच्चारले, तर ते शुद्ध अपमान होईल. वाक्य तेच, बोलणारा कोठे बसून बोलतो एवढाच फरक.

मग परक्याने परधर्मीयांच्या हसण्यात भाग घेऊच नये काय? घ्यावा, पण आपल्या घरचे मुसळ बरोबर घेऊन जावे. मागच्या बाकांची गोष्ट ऐकून आम्हांस कीर्तनात खांबाला टेकून डुलक्या घेणारे आमचे आप्त आठवतात. दानाच्या ताटावरून आरतीच्या ताम्हनात सुटे पैसे शोधूनशोधून टाकणारा हात आठवतो. अशा रीतीने आपली शिदोरी सोडून जो बसतो, तो त्या पंक्तीत परका राहत नाही. टिळकांना हे ठाऊक होते. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते म्हणत, आणि १९१७ साली त्यांनी जो ‘देवाचा दरबार’ मांडिला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांस सारखाच प्रवेश ठेविला.

देहूरोडला ह्या विचाराचे एक स्मरणचिन्ह आहे. येथील विहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती २५ डिसेंबर १९५४ रोजी, म्हणजे नेमकी नाताळच्या दिवशी. एकीकडे तुकोबांची देहू, एकीकडे हा विहार, आणि मध्ये गीताचा सूर चढविणारी ती लहानशी मंडळी. तुकोबांनी सोंगाढोंगांस फटकारिले, पण विठ्ठलाशी भांडतानाही त्यांची सलगी सुटली नाही. ज्यास जगाने हसून दूर लोटले, त्यास पुन्हा माणसांत बसवावे, ही तळमळ ह्या तिन्ही स्थळी निरनिराळ्या वाटांनी आली आहे.

म्हणून देवाच्या दारी हसावे की नाही, हा प्रश्नच आम्हांस अपुरा वाटतो. ज्या हसण्याने कोणाचे पान मांडले जाते ते प्रार्थनेइतकेच पवित्र आहे. ज्याने कोणाचे पान उचलले जाते, ते कितीही धर्मनिष्ठेच्या आवेशात केलेले असो, पादत्राणांबरोबर बाहेर ठेवण्याच्याच योग्यतेचे आहे.