सभामंडपातील मूषक आणि कोठीतील उंदीर

श्रींच्या दर्शनास येणारे भाविक सभामंडपातील मूषकाच्या कानात आपले मनोगत सांगून मगच गाभाऱ्याकडे वळतात. त्याच मंडपामागे अन्नछत्राचे कोठीघर आहे. तेथील उंदराविषयी मात्र कोणाच्याही मुखातून बरा शब्द निघत नाही. काही वर्षांपूर्वी तांदूळ अर्पण करण्यास आलेल्या एका भगिनींनी कार्यालयात विचारले, “बाहेर ज्याला हात जोडायचे त्याला आत मारायचे, हे कसे?” त्या वेळी मला उत्तर देता आले नाही.

‘मूषक’ हा शब्दच चोरणे या अर्थाच्या ‘मुष्’ धातूपासून आला आहे. घरातील उंदीर जेमतेम वीस ग्रॅम वजनाचा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून तो आत शिरतो. मादी सुमारे तीन आठवड्यांत पाच-सहा पिलांना जन्म देते व ती पिले दोन महिन्यांच्या आतच वंश वाढवू लागतात. दिवसाकाठी तो खातो थोडेच, परंतु लेंड्या व मूत्राने नासतो पुष्कळ. असे धान्य पंगतीला वाढणे हा अन्नदानाचाच अपराध ठरेल. म्हणून “जीव आहे, राहू द्या” एवढेच म्हणून चिटणीसाला मोकळे होता येत नाही.

त्या वर्षी आम्ही बाजारातून चिकट पुठ्ठे आणले. सकाळी कुलूप उघडले तेव्हा उंदीर जिवंत होता. सुटण्याच्या धडपडीत त्याचे अर्धे अंग सोलले गेले होते. शिपायाने काय करू म्हणून विचारले. मी “कचऱ्यात टाका” म्हणालो आणि आरतीला गेलो. त्या आरतीत माझे मन लागले नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही असे पुठ्ठे वापरू नयेत असे सुचविले आहे, हे मला नंतर समजले.

मग पिंजरे आणले. पकडलेले उंदीर शिवारात सोडू लागलो. मनाला बरे वाटले, पण तेही फसवेच होते. घरात वाढलेला तो जीव उघड्यावर बहुधा घुबडा-मांजराच्या तोंडी जातो. जगलाच तर एखाद्या शेतकऱ्याच्या कणगीत शिरतो. आमचे पुण्य आणि त्याचे नुकसान!

पुराणकथेत क्रौंच गंधर्व शापाने उंदीर होऊन पराशर ऋषींच्या आश्रमातील धान्याची नासाडी करतो. गजाननाने त्यास मारले नाही, मोकळेही सोडले नाही. पाश टाकून वाहन केले. आम्हांस एवढी शक्ती कोठली! परंतु पाश कोठे टाकावा, हे त्या कथेवरून थोडे उमगले. शेती सुरू होण्याच्याही आधी, माणूस एका जागी वस्ती करू लागला तेव्हापासून हा प्राणी त्याच्या सोबत आहे. आपण उघडे ठेवतो म्हणून तो येतो. उघड्या पोत्याशेजारी सापळा लावणे म्हणजे आपल्या आळसाची शिक्षा त्याला देणे होय.

आता धान्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपांत असते, दाराखाली लोखंडी पट्टी आहे व भिंतीतील भोके सिमेंटने बुजविली आहेत. तरीही एखादा शिरतोच. त्याच्यासाठी चापाचा सापळा लावतो, कारण त्यात मरण बहुधा लवकर येते. त्यास मी निर्दोष म्हणत नाही.

त्या भगिनी गेल्या माघी उत्सवास पुन्हा आल्या होत्या. त्यांना पिंपे दाखविली, सापळाही दाखविला. त्या काही बोलल्या नाहीत. पावती मात्र पिंपांच्या खात्यावर फाडून घेतली.